पारोळ्याच्या घरातले ठिपके

सरांकडे घरचं काही खायला घेऊन जायचं म्हणजे तोंडी परीक्षाच असायची. डबा उघडायच्या आत त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "आलं कुठून?"

मी म्हणायचे, "आईनं दिलंय सर, भरीत आहे."

"ते दिसतंय. वांगी कुठून आली?"

"बाजारातून."

"बाजारात वांगी उगवतात का?"

मग बाजार हे उत्तर का होऊ शकत नाही, हे सर मला समजावत बसायचे आणि तोवर भरीत गार होऊन त्यावर तेलाचा थर यायचा. पुढं ते सगळं भरीत एकटेच संपवायचे आणि डबा स्वतः घासून परत द्यायचे, ही गोष्ट वेगळी.

हा प्रश्न त्यांनी कोणालाच सोडला नाही. एकदा प्राचार्य म्हणाले, "तुमच्याबद्दल कॉलेजात चर्चा आहे." सर म्हणाले, "कुठून आली?" प्राचार्यांनी विषय बदलला. दाढ दुखते म्हणून दवाखान्यात गेले, डॉक्टर म्हणाले काढून टाकू. सर खुर्चीतून उठले. दुखणं नेमकं कुठून येतंय ते आधी सांगा, मग काय ते काढा, असं म्हणून दुखऱ्या दाढेसकट घरी आले. आठवडाभर खिचडी खाऊन राहिले, पण हट्ट सोडला नाही.

ते जळगावच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली पीएच. डी. करत होते. मेहरूणला तलावाजवळ त्यांचं घर होतं. बायको लवकर गेलेली, मुलगी परदेशी. घरात पुस्तकं कमी आणि प्लास्टिकचे ग्लास जास्त. पाणी प्यायला मागितलं तर ते आधी ग्लासात डोकावून बघत, आत फिल्म चिकटवलेली नाही ना याची खात्री करत, आणि मगच पाणी देत.

त्या फिल्मवर त्यांचं सगळं आयुष्य गेलं. माती, दगड, विटा, सगळ्यांत युरेनियम आणि थोरियम थोडंथोडं असतंच. ते आपोआप फुटत राहतं. त्यातून एक वायू निघतो, तो जमिनीच्या फटींतून घरात येतो आणि फुटताना अल्फा कण फेकतो. हा कण हवेत चार बोटंसुद्धा जात नाही, कागद आडवा धरला तरी थांबतो. पण तो वायू श्वासाबरोबर छातीत गेला आणि तिथं फुटला, तर मध्ये कागद धरायला कोणी नसतं. म्हणून घराघरांत तो किती आहे हे बघायचं. डोळ्यांना तर तो दिसत नाही. मग एका तांबूस फिल्मचा नखाएवढा तुकडा ग्लासच्या तळाला आतून चिकटवायचा, तोंडाला वायू झिरपेल असा पातळ कागद लावायचा, ग्लास उलटा टांगायचा आणि तीनेक महिने विसरून जायचं. जिथं अल्फा कण लागला तिथं फिल्मला जखम होते. गरम कॉस्टिक सोड्यात फिल्म धरली की जखमेचं भोक होतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या जागेवर उजळ ठिपके दिसतात.

महागडी यंत्रं तेव्हाही मिळत होती. सरांना ती आवडत नसत. "यंत्र आकडा सांगतं आणि विसरून जातं. फिल्मला लागलेलं असतं," असं म्हणायचे.

फिल्म सोड्यात असेपर्यंत सर बसत नसत आणि आम्हालाही बसू देत नसत. दीड तास सगळे उभे. पाण्याचं तापमान जरा हललं की ते तोंडानं च्यक् करायचे. जळगावचा मे महिना, पंखा बंद, कारण पंख्यानं पाणी निवतं. घाम कपाळावरून नाकाच्या शेंड्यावर यायचा आणि सर म्हणायचे, "तो घाम भांड्यात पडला तर तीन महिने गेले, मागे सरका." माझी एक मैत्रीण अशीच उभी राहून चक्कर येऊन पडली. सरांनी तिला लिंबूपाणी दिलं आणि ती शुद्धीवर येताच विचारलं, पडताना टेबलाला धक्का तर लागला नाही ना.

केळीवाल्यांच्या जिल्ह्यात राहून त्यांना आणखी एक व्याप लागला होता. केळ्यात किरणोत्सार असतो असं मुलं कुठंतरी वाचून यायची आणि मुद्दाम त्यांच्यासमोर केळं सोलायची. सरांचा पारा चढायचा. "असतो, पण तो अल्फा नव्हे! पोटॅशियमचा आहे! खा निमूट!" मुलं खो खो हसायची आणि दुसऱ्या वर्षी नवी मुलं पुन्हा केळं घेऊन हजर.

ग्लास टांगायला आम्ही गावोगाव फिरलो. जामनेरकडच्या एका गावात ओट्यावरच्या आबांनी विचारलं, "ओ सर, हाऊ गिलास उलटा कसाले टांगी राह्यनात? भूत धरतस का?" सर गंभीरपणे म्हणाले, "भूत असतं तर बरं होतं आबा, त्याचं झाड तरी ठरलेलं असतं." आबांना ते पटलं. त्यांनी स्वतः खिळा आणून दिला.

सरांचे दोन नियम होते. पहिला असा, की फिल्म मोजणाऱ्याला ती कोणत्या घरातली आहे हे कळता कामा नये. दुसरा, निकाल आधी त्या घराला, मग जगाला. "ज्याच्या छपराखाली मोजलं त्याच्या मालकीचं आहे ते." आणि हा निकाल पत्रानं किंवा फोनवर नाही, समोर बसून, चहा घेऊन सांगायचा. पहिल्या नियमाचा मला कधी त्रास झाला नाही. दुसऱ्यानं मात्र पारोळ्यात घोळ केला.

त्या दिवशी मी मोजायला बसले होते. एका फिल्मवर नजर पडली आणि मला वाटलं भिंग खराब झालंय. बाजरी सांडावी तसे ठिपके, एकावर एक. मी सरांना हाक मारली. त्यांनी पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. दुसऱ्याकडून मोजून घेतलं. मगच घराचं नाव असलेलं बंद पाकीट उघडलं. घर पारोळ्याचं होतं.

किल्ल्याच्या बाजूच्या एका गल्लीत ते घर होतं. घरातल्या चाचांचा गॅसबत्त्यांचा धंदा होता. पूर्वी वराती, कव्वाल्या, तमाशे, कुठंही उजेड हवा असला की त्यांच्या बत्त्या जायच्या. पुढं जनरेटर आले आणि धंदा बसला. आता घर चालायचं ते त्यांच्या मुलीवर. नसीम पुढच्या खोलीत गल्लीतल्या लहान मुलांची शिकवणी घ्यायची. संध्याकाळी सतरंजीवर मुलं अशी दाटीवाटीनं बसायची की आम्ही ग्लास टांगायला गेलो तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीत सगळ्या जातीधर्माची घरं, आणि पोरं सगळ्यांची.

सर नियमाप्रमाणे गेले, ओट्यावर बसले. खालानं, म्हणजे नसीमच्या आईनं, चहा दिला. माईकशिवाय मोठमोठ्या वर्गांना शिकवून सरांचा आवाज असा झाला होता की ते कानात बोलले तरी चौकात ऐकू जावं. ते म्हणाले, "चाचा, तुमच्या घरात फार जास्त सापडलं आहे. इतकं कुठंच नाही. कुठून आलं ते मला अजून माहीत नाही."

समोरच्या घरात सुमनअक्का मिरच्या निवडत होत्या. त्यांचा नातू याच शिकवणीला होता. त्यांनी सूप खाली ठेवलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की गॅसबत्तीवाल्यांच्या घरात ॲटम निघतो. सुमनअक्का दारातूनच नसीमला म्हणाल्या, "मना नातूले मी आते तठे धाडाव नही." एकानं थांबवलं की सगळे थांबवतात. आठवड्याभरात सतरंजी रिकामी झाली.

पुढच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा नसीम रडली वगैरे नाही. ती सरळ सरांच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आपका नापना हो गया. मेरा क्लास गया. अब ये कौन वापस लाएगा?"

सर म्हणाले, "मी."

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी सोपा मार्ग सुचवला. एखादी फिल्म खराब निघते, ती टाकून द्या, त्या लोकांना सांगा मोजण्यात चूक झाली, विषय मिटला. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं, माझा प्रबंध अडून राहिला होता. सर म्हणाले, "ठिपके खरे आहेत. कुठूनतरी आलेत. आणि मी चूक झाली म्हटलं तर लोक म्हणतील, मास्तर झाकतोय. त्या मुलीची मुलं त्यानं परत येतील का?"

त्यांनी त्या घरात नवे ग्लास लावले. जमिनीलगत, खिडकीशी, माळ्याखाली, स्वयंपाकघरात, जिथं खिळा बसेल तिथं. आता पुन्हा तीन महिने थांबायचं. तोवर काय करायचं? सर दर रविवारी एसटीनं पारोळ्याला जाऊ लागले. सोबत डबा. त्या रिकाम्या सतरंजीवर, दाराजवळ वारा येतो त्या जागी, मांडी घालून दिवसभर बसायचे. गल्लीनं बघावं म्हणून. घर विषारी आहे ना, मग मी बसतो इथं.

नसीमचा राग लगेच गेला नव्हता. संध्याकाळी शिकवणीची वेळ झाली की ती पाट घेऊन समोर बसायचीच, मुलं असोत नसोत. पहिल्याच रविवारी तिनं सरांना सुनावलं, "यहाँ खाली बैठने का नहीं. बैठना है तो पढ़ना पड़ेगा." आणि त्यांच्या हातात पाटी दिली. सर उर्दू अक्षरं गिरवायला लागले. त्यांचं अक्षर मराठीतच वाचवत नसे, उर्दूत तर विचारूच नका. नसीम पाटी पुसून टाकायची आणि म्हणायची, "फिरसे." उभा जन्म दुसऱ्यांना "पुन्हा करा" म्हणणारा हा माणूस मान खाली घालून पुन्हा गिरवायचा. मी एकदा हे बघून हसले, तर मलाही एक पाटी मिळाली.

तीन महिने झाले. फिल्म धुतल्या, मोजल्या. सगळ्या साध्या. इतर घरांत असतात तेवढेच ठिपके, काकणभर कमीच. मी आनंदानं उडी मारली. सर खुर्चीत बसून राहिले.

"सर, घर चांगलं आहे!"

"मग तेव्हाचे ठिपके कुठून आले?"

तरी त्यांनी निकाल जाऊन सांगितला, ओट्यावर, त्याच आवाजात. सुमनअक्का समोरून म्हणाल्या, "पहिले म्हने शे, आते म्हने नही. तुमनावर भरोसा कसा ठेवो आम्ही? पोरगं मनं शे."

मला राग आला होता. सर म्हणाले, "अक्का बरोबर बोलतात," आणि आत जाऊन आपल्या जागी पाटी घेऊन बसले. एक ग्लास त्यांनी जुन्या खिळ्यावर, पहिल्याच जागी, पुन्हा टांगून ठेवला.

ईद जवळ आली. त्या रविवारी घराला चुना द्यायचं काम निघालं होतं. सामान बाहेर, बादल्या आत, चाचा डोक्याला फडकं बांधून तयार. आम्ही दोघं कोपऱ्यात अंग चोरून बसलो होतो. खालानं सरांचा ग्लास खिळ्यावरून काढला, ओढणीनं पुसला, एका स्वच्छ रुमालात गुंडाळला आणि ती स्टुलावर चढून माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायला निघाली.

सर ओरडले, "खाला! कुठं ठेवताय?"

ती बिचारी दचकली. "पेटी में, सर. चूना लग जाता ना आपकी चीज को. पिछले साल भी वहीं रखी थी. ईद हुई, घर जम गया, फिर टाँग दी."

"किती दिवस होता पेटीत?"

"महीना तो हुआ होगा. आपकी अमानत है, बाहर कैसे छोड़ती?"

हे तिनं आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. पाहुण्याची वस्तू घरातल्या सगळ्यांत जपलेल्या पेटीत ठेवायची, एवढंच तिनं केलं होतं. घरोघरी अशाच एखाद्या पेटीत लग्नाचा शालू नाहीतर जमिनीचे कागद असतात. सरांनी चाचांना विचारलं, पेटीत काय आहे.

चाचांनी पेटी खाली घेतली, कुलूप काढलं. आत गॅसबत्तीचे मेंटल होते. बत्तीत पेटून पांढरा उजेड देणाऱ्या त्या जाळीच्या पिशव्या. जुन्या मालाची पाकिटं, खालपासून वरपर्यंत नीट रचलेली. चाचा एक पाकीट हातात घेऊन म्हणाले, "अब जो मिलता है उसमें वो बात नहीं, सर. ये पुराना माल है. इसका उजाला देखते तुम!"

जुन्या मेंटलमध्ये थोरियम असायचं. त्यानंच तो उजेड पडायचा. सर ते पाकीट बघत राहिले आणि मला वाटलं आता ते नाचणार. पण ते म्हणाले, "हा अंदाज झाला. पुरावा नाही." एक फिल्म पेटीच्या आत, एक पेटीवर, एक माळ्याच्या खाली, अशा ठेवून आम्ही परत आलो. काही दिवसांनी आतली फिल्म धुतली तर पुन्हा तीच सांडलेली बाजरी. पेटीवरची आणि खालची साधी. थोरियमचा वायू मिनिटभरातच अर्धा उरतो, बंद पेटीतून खोलीत यायला त्याला आयुष्यच पुरत नाही. त्या खोलीत बसलेल्या मुलांपर्यंत काहीच पोचलं नव्हतं.

आता हे गल्लीला सांगायचं कसं? फिल्मवर कोणाचा विश्वास नव्हता. सरांनी कपाटातून एक जुनी काच काढली, रुपयाएवढी. तिला एका बाजूनं झिंक सल्फाइडची पूड लावलेली होती. अल्फा कण तिच्यावर आदळला की बारीकशी चमक होते. पण ती दिसायला मिट्ट काळोख लागतो आणि डोळे त्याला सरावावे लागतात. भर दुपारी पारोळ्यात काळोख कुठून आणायचा? खालानं दोन जाड गोधड्या काढल्या.

ओट्यावर अख्खी गल्ली जमली. सरांनी पहिला मान सुमनअक्कांना दिला. अक्कांनी आढेवेढे घेतले, पण बघायचं तर होतंच. त्या पदर खोचून, काच आणि चिमट्यात धरलेलं एक मेंटल घेऊन गोधडीत शिरल्या, सर बाहेरून सूचना देत होते. "डोळे उघडे ठेवा. काही दिसणार नाही. थांबा. अजून थांबा." आतून अक्का म्हणाल्या, जीव गुदमरतो. सर म्हणाले, गुदमरू द्या. पोरं खिदळत होती. बराच वेळ गेला आणि आतून आवाज आला, "ओ माय! चांदन्या शेत ना आठे!"

सरांनी गोधडीच्या फटीतून एक लग्नपत्रिका आत सरकवली आणि मेंटल व काच यांच्या मध्ये धरायला सांगितली.

"गयात. काहीच नही."

"काढा."

"उन्यात परत!"

अक्का पत्रिका आत घालत होत्या, काढत होत्या. बाहेरच्यांचा धीर सुटला तरी त्या बाहेर येईनात. मग त्यांनी आतूनच विचारलं, "आनि भिंतले लावं तर?"

सरांचा चेहरा असा उजळला की मी विसरणार नाही. गोधडीसकट अक्कांना भिंतीपाशी नेलं. काच भिंतीला लावली, जमिनीला लावली, सतरंजीला लावली. प्रत्येक वेळी आतून एकच उत्तर, "अंधार शे नुसता." सर सगळ्यांना म्हणाले, ही काच ढोबळ आहे, बारीक मोजणी फिल्मनं केली आणि तीही हेच सांगते. कोणाला शंका असेल त्यानं यावं, गोधडी इथंच आहे. दुपार टळेपर्यंत लोक आत-बाहेर करत राहिले.

पेटी कॉलेजात न्यायची ठरली. तिथं अशा वस्तूंसाठी कुलपाचं कपाट होतं. ही पाकिटं उघडून त्यांची धूळ छातीत जाणं बरं नाही, हे सरांनी लपवलं नाही. चाचांनी पेटीवरून एकदा हात फिरवला. "ले जाओ," म्हणाले. मग हळूच विचारलं, "सर, मतलब घर का कसूर नहीं ना?"

"नाही चाचा. घराचा काही दोष नाही."

चाचा आत गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

पुढच्या रविवारी मी सरांना म्हटलं, आता कशाला जायचं? त्यांनी चपला घातल्या. मी मागोमाग. दिवसभर ते सतरंजीवर दाराजवळ बसले होते, समोर पाटी. शिकवणीची वेळ झाली. नसीम पाटावर बसली. मी दाराकडे बघत होते आणि दारात कोणीच येत नव्हतं. मला वाटलं गोधडीत शिरून गंमत बघणं वेगळं आणि पोर धाडणं वेगळं. नसीमनं सरांच्या पाटीवर ओळ घालून दिली आणि ते गिरवू लागले.

तेवढ्यात दारात सावली पडली. सुमनअक्का नातवाचा हात धरून उभ्या होत्या. चुकलं वगैरे त्या काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "नसीम, याले पाढा येत नही. शिकाड."

पोरगा आत आला आणि सरांच्या शेजारी येऊन थबकला. सर त्याच्याकडे कौतुकानं बघत होते, हलले मात्र नाहीत. नसीम म्हणाली, "सर, उठो. ये उसकी जगह है."

मी इतकी वर्षं सरांना ओळखत होते. प्राचार्य, विभागप्रमुख, डॉक्टर, कोणाच्या सांगण्यावरून हा माणूस जागचा हलल्याचं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी हातातली पाटी बाहीनं पुसली, त्या मुलाच्या हातात दिली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि माझ्याकडे न बघता बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. गल्लीतून आणखी दोन पोरं दप्तरं घेऊन येत होती. सरांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली.